‘काहीही चालेल’

२००५ ची दिवाळी ही ठाण्यातल्या नव्या घरातली आमची पहिली दिवाळी. पाडव्याच्या दुपारी इमारतीतल्या पाच बिऱ्हाडांना जेवायला बोलावलं होतं. बटाट्याची भाजी, पुरी, श्रीखंड, वरण-भात, कांदा घातलेला मसालेभात, काकडीची कोशिंबीर आणि भजी असा बेत होता. सणाच्या दिवशी मराठी घरात होतो तसा, मनापासून केलेला. आठवडाभर आधी मी प्रत्येक दारात जाऊन विचारून आले होते, ‘‘तुम्हाला काय काय चालतं?’’ सगळ्यांनी हसून एकच उत्तर दिलं होतं, ‘‘काहीही चालेल हो.’’

पंगत उठली तेव्हा दोन ताटं माझ्या लक्षात राहिली. दुसऱ्या मजल्यावरच्या कच्छी जैन बेन पुरी आणि श्रीखंड एवढंच जेवल्या होत्या. त्यांनी वरणालासुद्धा हात लावला नव्हता. दुसरं ताट कोकणी मुसलमान भाभींचं. ते वाढलंच गेलं नव्हतं. भाभी आल्या, मुलांसाठी खाऊ घेऊन आल्या, दोन तास सगळ्यांत बसल्या, मला पुऱ्या लाटायला मदतही केली. आणि मी ताट पुढे केल्यावर हळू आवाजात म्हणाल्या, ‘‘माझा रोजा आहे. पण दिवाळीला बोलावलंत आणि मी आले नाही, असं कसं होईल?’’ त्या वर्षी लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं आणि रमजान ईद त्याच आठवड्यात. स्वयंपाकघराच्या भिंतीवर ‘कालनिर्णय’ टांगलेलं होतं, त्यात रमजान छापलेला होता. मी फक्त पाडव्याचा चौकोन पाहिला होता.

तेव्हापासून दरवर्षी ही पंगत आमच्याकडे होते, आणि दरवर्षी तिच्यातून काही ना काही शिकायला मिळतं. वेगवेगळ्या रीतीभातींची माणसं एका दुपारी एकत्र जेवणार असतील तर बेत कसा आखावा, याबद्दल मला आता काही गोष्टी खात्रीने सांगता येतात. त्यातली पहिली अशी की ‘काहीही चालेल’ हे उत्तर नसतं, ती भीड असते. बोलावणाऱ्याला त्रास नको म्हणून माणूस तसं म्हणतो, आणि मग ताटातल्या दोन पदार्थांवर जेवण उरकून घरी जाऊन खिचडी टाकतो. म्हणून आता मी ‘काय चालतं’ असं विचारतच नाही. ठरवलेला बेत कागदावर लिहून नेते, एकेक पदार्थ त्यात काय घालणार आहे त्यासकट वाचते आणि पेन्सिल हातात देते. ‘‘यातलं जे नको त्यावर काट मारा.’’ एखाद्या पदार्थावर काट मारायला माणसाला भीड वाटत नाही. स्वतःच्या सगळ्या पथ्यांची यादी पाहुणा म्हणून सांगायला मात्र वाटते.

त्याहीआधी पाहायचं ते पंचांग. आपल्याकडच्या बहुतेक सणांना चंद्र चालवतो, पण सगळ्यांना सारखा नाही. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं. हिंदू पंचांग दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक महिना घालून सूर्याशी मेळ घालतं, म्हणून दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबर सोडून जात नाही. ज्यू पंचांगही एकोणीस वर्षांत सात वेळा जादा महिना घेतं, म्हणून त्यांचं नववर्ष भाद्रपद-आश्विनाच्या आसपासच राहतं. इस्लामी पंचांगात अधिक महिना नाही. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि तेहतीसेक वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २००४ ते २००६ या तिन्ही दिवाळ्या रमजानात आल्या, त्या यामुळे. शिवाय शनिवार आहे का, हे मी आता पाहते. आमच्याकडे येणाऱ्या बेने इस्रायली ज्यू मावशींचा शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत असतो. आणि २ नोव्हेंबर आला तर खालच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती आंटी सकाळी कबरस्तानात गेलेल्या असतात. तो त्यांचा मृतात्म्यांच्या स्मरणाचा दिवस.

आता बेनच्या ताटाकडे येते, कारण माझा सगळा बेत आता त्या ताटापासून सुरू होतो. जैनांना कांदा, लसूण, बटाटा चालत नाही, एवढं मला २००५ मध्येही ठाऊक होतं. बटाट्याची भाजी त्यांनी वगळावी आणि बाकीचं जेवावं, असा माझा हिशोब होता. तो किती तोकडा होता, हे पुढच्या वर्षी त्यांनीच माझ्या स्वयंपाकघरात बसून समजावून सांगितलं. कंदमुळं नकोत, कारण एका कंदात अनंत जीव असतात अशी त्यांची श्रद्धा. ‘अनंतकाय’ हा त्यांचा शब्द. म्हणजे गाजर, मुळा, बीट, रताळं, सुरण आणि ओलं आलंसुद्धा नको. सुंठ आणि हळद वाळवलेली, म्हणून बहुतेकांना चालते. दिवाळी येते ती चातुर्मासात, आणि चातुर्मासात त्या पालेभाजी खात नाहीत. मी मात्र भाजीवर, भातावर, कोशिंबिरीवर शेवटी हात भरून कोथिंबीर पेरली होती. ताट साजरं दिसावं म्हणून केलेल्या त्या एका गोष्टीने अर्धा बेत त्यांच्यासाठी बाद झाला होता.

आणि वरण? त्यात तर काहीच नव्हतं. पण शेजारी श्रीखंड होतं. न तापवलेलं दही आणि डाळ एका घासात येऊ द्यायची नाही, असा त्यांचा ‘द्विदल’ नावाचा नियम आहे. दोन फाकांत फुटणारं कडधान्य आणि कच्चं दूध-दही एकत्र झालं की त्यात सूक्ष्म जीव उपजतात, असं त्यांचे ग्रंथ सांगतात. म्हणून दहीवडा नाही. कढी करायची तर दही आधी तापवायचं आणि मग बेसन लावायचं. त्या दिवशी बेननी श्रीखंड निवडलं आणि वरण सोडलं. कारण गोड मी स्वतः पुढे होऊन वाढलं होतं.

‘उपासाचं करावं, ते सगळ्यांना चालतं,’ असा सल्लाही मला एका नातेवाइकांनी दिला होता. आपल्या उपासाच्या ताटाकडे एकदा जैन नजरेने पाहा: बटाटा, रताळं, आणि साबुदाणा, तोही कसाव्याच्या कंदाचाच. काटेकोर पाळणाऱ्यांच्या वाट्याला त्यातलं वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी एवढंच उरतं. ‘शाकाहारी’ हा शब्दही तसाच फसवा. आमच्या वरच्या बंगाली वहिनींकडे कालीपूजेला बोकडाचं मटण कांदा-लसूण न घालता शिजतं आणि त्याला ‘निरामिष मांश’ म्हणतात. मुलीबरोबर काम करणारा जर्मन मुलगा दोन वर्षांपूर्वी आला होता. तो स्वतःला शाकाहारी म्हणवून घेतो, पण तूप, दही, मध यांतलं काहीच घेत नाही. एकच शब्द आणि तीन घरांत त्याचे तीन अर्थ. म्हणून शब्दावर विसंबू नये, जिन्नस विचारावेत.

पंगत पूर्ण शाकाहारी ठेवायची हे आम्ही दुसऱ्या वर्षी ठरवलं. शाकाहार श्रेष्ठ म्हणून नव्हे. आमच्या घरात सुरमई आवडीने खाल्ली जाते आणि आंटींच्या बाटली मसाल्यातल्या मटणासाठी मुलं नाताळची वाट पाहतात. हिशोब साधा होता. भाभींना मटण हलालच हवं. मावशींना त्यांच्या रीतीने कापलेलं हवं, आणि त्याबरोबर त्याच जेवणात दूध, दही, तूप काहीच नको. मासळीतही पर-खवल्यांची चर्चा. त्यांना पर आणि खवले दोन्ही असलेला मासाच चालतो, म्हणून कोळंबी, खेकडा, शिंपल्या बाद. मांसमच्छी टाळली की हे सगळे प्रश्न एका फटक्यात मिटतात आणि एकच ताट सगळ्यांपुढे जातं. वेगळ्या पथ्याच्या पाहुण्यासाठी बाजूला वेगळी वाटी झाकून ठेवण्याची पद्धत मला आवडत नाही. त्या माणसाचं जेवण होतं, पण तो पंगतीत नसतो. निदान पाच-सहा पदार्थ तरी असे हवेत की ज्यांवर कुणीच काट मारलेली नाही.

असे पदार्थ शोधत मी जेव्हा हिंडले, तेव्हा सगळ्या वाटा नारळापाशी आल्या. आणि ही वाट मला मावशींनी दाखवली.

मावशी मूळच्या अलिबागकडच्या. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर आपले पूर्वज गलबत फुटून आले, असं बेने इस्रायली लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. कुलाबा जिल्ह्यातल्या गावोगावी त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. घरात बोली मराठी, आडनावं गावांवरून ‘कर’ लावलेली. ठाण्यातलं त्यांचं सिनेगॉग १८७९ सालचं. आज त्यांतले बहुतेक इस्रायलला गेले, पण तिथूनही त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. यांच्या जुन्या सणांची नावं ऐकावीत: नव्याचा सण, खिरीचा सण, दार फाळणीचा सण, शिळा सण, बिरड्याचा सण. कोकणातल्या कुठल्याही घरातली वाटावीत अशी. हाइम केहिमकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लिहिलेल्या त्यांच्या इतिहासात ती नोंदलेली आहेत.

मांस आणि दूध एकत्र करायचं नाही हा मूळ नियम, आणि भोवती नारळाच्या वाड्या. मग रश्शाला दाटपणा नारळाच्या दुधाने आला आणि गोडालाही तेच आलं. नव्याच्या सणाला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, ‘चिकाचा हलवा’ होतो. गहू भिजवून, वाटून, त्याचा चीक काढायचा, त्यात नारळाचं दूध आणि साखर घालून तासन्‌तास ढवळायचं. दुधाचा थेंब नाही, म्हणून मटणाच्या जेवणानंतरही हा हलवा खाता येतो. मावशी म्हणाल्या, ‘‘आमच्या घरी हात दुखले की दुसऱ्याने डाव घ्यायचा, पण ढवळणं थांबवायचं नाही.’’ मला त्यात फक्त त्यांचा सण दिसला नाही, माझ्या सगळ्या यादीचं उत्तर दिसलं. नारळाचं दूध बेनना चालतं, भाभींकडे तर कोकणी मुसलमानांचं सांदण त्याच्याशिवाय होतच नाही, आंटींच्या गोव्याच्या माहेरी नाताळातलं दोदोल तांदळाचं पीठ, काळा गूळ आणि नारळाच्या रसाचं. आणि त्या जर्मन मुलालाही ते चालतं.

आता आमचं पाडव्याचं गोड म्हणजे तांदळाच्या रव्याची खांडवी. रवा खोबरेल तेलावर खमंग भाजायचा, पाण्याऐवजी पातळ नारळाच्या दुधात गूळ विरघळवून त्यात शिजवायचा, आल्याऐवजी वेलदोडा, आणि ताटात थापून वर ओलं खोबरं. बेनना समजावून सांगावं लागलं, कारण गुजरातीत खांडवी म्हणजे आपली सुरळीची वडी. त्या तिखट काहीतरी येईल म्हणून थांबल्या होत्या आणि समोर गुळाची वडी आली. सोलकढीही नारळाची. लसूण न घालता हिंग, जिरं आणि मिरची वाटून घ्यायची, आणि कोकमाचं आगळ अगदी शेवटी घालायचं. ती तापवायची मात्र नाही. आंबट घातलेलं नारळाचं दूध आचेवर फाटतं.

बिरड्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगते. जेरुसलेमचं देवालय पडल्याच्या शोकाचा उपास बेने इस्रायली लोक ‘बिरड्याचा सण’ म्हणून ओळखत, आणि मोड आलेल्या, सोललेल्या कडव्या वालांचं बिरडं त्यांच्याही घरचं. मावशींना ते फार आवडतं, म्हणून एका वर्षी मी आदल्या रात्री बसून किलोभर वाल सोलले. सकाळी बेन सहज डोकावल्या, परातीकडे पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. मी कागद पुढे केला. त्यांनी पेन्सिल घेऊन ‘डाळिंबी उसळ’वर, म्हणजे बिरड्यावरच, अलगद काट मारली. मोड फुटलेलं कडधान्यही अनंतकायात मोडतं. मोड येऊ द्यावेत म्हणून आपण दोन दिवस वाट पाहतो; त्यांच्या घरात नेमक्या त्याच मोडामुळे ते धान्य खाण्यातून बाद होतं. पुढच्या वर्षी मी गुजराती दुकानातून वालाची डाळ आणली. फक्त चार तास भिजवली, मोड आणलेच नाहीत. फोडणीला हिंग-जिरं, मग आमसूल, गूळ, गोडा मसाला आणि ओलं खोबरं. वालाचा तो किंचित कडवट वास तसाच राहिला. मावशींनी पहिला घास खाऊन सांगितलं, ‘‘बिरड्याच्या चुलत घरातलं आहे.’’ त्या दिवशी दोघींच्याही ताटात ती उसळ होती.

कांदा-लसूण काढला की चव कुठून येणार, अशी शंका मला नेहमी विचारतात. हिंगातून येते. कांदा-लसणाला जो उग्र वास असतो तो गंधकाच्या संयुगांचा, आणि हिंगातही त्याच जातीची संयुगं असतात. गरम तेलात पडला की कच्चा उग्रपणा जातो आणि मागे तो ओळखीचा खमंगपणा राहतो. हिंग हा एका झाडाच्या मुळाला चिरा देऊन काढलेला डिंक. पिढ्यान्‌पिढ्या तो अफगाणिस्तान-इराणहून येतो आहे. भारतात शेतीच्या प्रयोगासाठी त्याचं रोप लाहौल खोऱ्यात लावलं गेलं ते २०२० च्या ऑक्टोबरात. एक मात्र पाहावं. डबीतला हिंग ‘बांधानी’ असतो, त्यात डिंकाबरोबर मैदा किंवा तांदळाचं पीठ मिसळलेलं असतं. गव्हाचं वावडं असलेला पाहुणा असेल तर डबीवरची बारीक अक्षरं वाचायलाच हवीत. बटाट्याची जागा कच्च्या केळ्याने घ्यावी. सालीसकट उकडलं की साल सहज सुटते, आणि चिरल्यावर कोकमाच्या पाण्यात टाकलं की काळं पडत नाही. कूट, काजू, दाणे यांचं मात्र वेगळं विचारावं. मराठी हाताला कूट पेरायची सवय असते, आणि दाण्याची अॅलर्जी ही आवडीनिवडीची बाब नसते, जिवावर बेतू शकते. विकतच्या गोडात जिलेटिन, केकमध्ये अंडं, हेही पाकिटावर पाहून घ्यावं.

पाहुण्याचा मान म्हणून ‘त्यांचा’ पदार्थ करायला जाणं, हा मोह फार गोड असतो आणि त्यात फसायला होतं. आमच्या ह्यांच्या ऑफिसातले एक पारशी साहेब यायचे होते तेव्हा मी हौसेने धानसाक करायचं ठरवलं, अर्थात भाज्यांचं. आंटींनी वेळेवर थांबवलं. पारशी घरात कुणी गेलं की तीन दिवस मांस वर्ज्य असतं आणि चौथ्या दिवशी ते सुटतं ते धानसाकाने. म्हणून मंगल दिवशी तो करत नाहीत. शुभदिनी साधा भात, पिवळी डाळ आणि पातियो, म्हणजे ‘धन-दार’. आपल्याला हे समजायला वेळ लागू नये. श्राद्धाच्या ताटातली आमसुलाची चटणी कुणी आपल्याला वाढदिवसाला कौतुकाने वाढली, किंवा पानात मोजून तीन पोळ्या ठेवल्या, तर पोटात कसं चर्र होईल! दुसऱ्याच्या पदार्थाचं नाव आणि कृती आपल्याला मिळते, तो कोणत्या दिवसाचा हे विचारल्याशिवाय कळत नाही. त्यांचाच पदार्थ हवा असेल तर त्यांनाच घेऊन यायला सांगावं. आता आंटी नेवऱ्या आणतात, आपल्या करंजीची सख्खी बहीण, आणि बेन घुघरा आणतात. तिन्ही एका ताटलीत ठेवल्या की मुलं कडेची मुरड पाहून कुठली कुणाची ते ओळखतात.

एकत्र जेवणं ही आपल्याकडे कधीच साधी गोष्ट नव्हती. मुंबईत १८४९ च्या सुमारास निघालेल्या परमहंस सभेत दाखल होताना ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे, आणि ते गुप्तपणे करावं लागे. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे यांच्यासह बऱ्याच मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. नावं छापून आली आणि त्या एका चहावरून ग्रामण्य उभं राहिलं, प्रायश्चित्ताचे वाद पुढे काही वर्षं चालले. त्या लोकांनी ज्यासाठी बहिष्कार सोसला ते आज आम्ही एका इमारतीत एका दुपारी करतो. म्हणून मला या पंगतीची आखणी नुसती स्वयंपाकाची वाटत नाही. आणि म्हणूनच भांड्यांचाही मी मान ठेवते. बेनना मांस शिजलेलं पातेलं नको असतं. मावशींच्या घरी मांसाची आणि दुधाची भांडी वेगळी असतात. दोघींची कारणं वेगळी, काळजी एकच. पाडव्यासाठी आम्ही स्टीलची दोन पातेली, एक कढई आणि चार डाव वेगळे काढून माळ्यावर ठेवले आहेत. तळणाचं तेल नवं. प्रत्येक भांड्याला स्वतःचा डाव, आणि तूप, कोथिंबीर, कूट वेगळ्या वाट्यांत, ज्याचं त्याने घ्यावं. पिण्याचं पाणी सकाळी उकळून गार केलेलं, कारण बेन तेच पितात आणि इतरांना त्याची काही अडचण नाही.

रमजान आता मागे सरकत सरकत पुन्हा दिवाळीकडे येतो आहे. २०३७ च्या आसपास दोन्ही पुन्हा एकमेकांना भेटतील. परवा भाभींनीच हे काढलं आणि आम्ही तिघी हिशोबाला बसलो. दुपारची पंगत तेव्हा चालणार नाही. संध्याकाळी करावी, तर बेनचा चौविहार. सूर्य मावळल्यावर त्या पाणीही घेत नाहीत. भाभींना सूर्य मावळेपर्यंत पाणी घेता येत नाही. दिवाळीत ठाण्याला सूर्य मावळतो सहा वाजून काही मिनिटांनी. मग ठरलं ते असं: पाच वाजता बेनचं ताट वाढायचं आणि वाढायला भाभी. पावणेसहाला बेनचं जेवण आटोपलं की सतरंजी तशीच ठेवायची, फक्त ताटं बदलायची. अजान झाली की भाभींच्या हातात खजूर आणि सोलकढीचा पेला द्यायला बेन. वालाची उसळ आणि खांडवी दोन्ही वेळा तीच. भाभींनी कागदाच्या मागच्या बाजूला वेळ लिहून ठेवली आणि पेन्सिल बेनकडे दिली. बेननी कशावरही काट मारली नाही.